कोल्हापूरच्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र: एक सहल आपल्याच गावात काढा

प्रति,
कोल्हापूर शहरातल्या सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक आणि सहल बघणारे सर, मॅडम,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या ग्रुपवर सहलीची नोटीस येते, अमुक तारखेला पहाटे चारला शाळेच्या गेटवर जमायचं, एवढी फी, एवढा खाऊ, मोबाईल आणायचा नाही. पोरं आठ दिवस आधीपासून बॅग भरत असतात. त्यांचा तो आनंद मला कमी करायचा नाही, दूरच्या सहली बंद करा असंही माझं म्हणणं नाही, रायगड पोरांनी बघितलाच पाहिजे, समुद्रही बघितला पाहिजे, एसटी शाळेच्या सहलीला अर्ध्या तिकिटात गाडी देते तर त्याचा फायदा घ्यावा. माझी विनंती एवढीच आहे की वर्षातून एक सहल कोल्हापुरातच काढा. अर्ध्या दिवसाची, एका वेळी एकच भाग, हातात वही-पेन्सिल, आणि कुणी मागून 'चला चला पुढं व्हा' म्हणणार नाही अशी.

हे लिहायचं कारण सांगतो. माझी भाची सातवीत आहे, तिच्या शाळेनं गेल्या वर्षी न्यू पॅलेसला नेलं होतं. शाळेचं नाव घेत नाही, कारण हे एका शाळेचं नाहीच, सगळीकडं असंच चालतंय. संध्याकाळी ती घरी आल्यावर विचारलं काय बघितलं, तर म्हणाली वाघ बघितला, तलवारी होत्या, मग सरांनी चला म्हटलं. तीन बसमधली पोरं एका रांगेत आत गेली आणि त्याच रांगेतनं बाहेर आली, कारण पुढं अजून दोन ठिकाणं आणि जेवण उरकायचं होतं. सरांचीही यात चूक नाही, एवढी पोरं एकट्यानं सांभाळायची म्हणजे त्यांचा अख्खा वेळ मोजदादीत जातो. पण पोरगी राजवाड्यात जाऊन आली आणि तो काळ्या दगडाचा आहे एवढंसुद्धा तिच्या लक्षात राहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

आता सुरुवात कुठनं करायची म्हणाल तर टाऊन हॉल. सीपीआर दवाखान्याच्या समोर, रोज हजारो माणसं तिथनं जातात, कुणाला दवाखान्यात डबा द्यायचा असतो, कुणी केएमटीच्या बसची वाट बघत असतं, आणि समोर ती उंच टोकदार शिखरांची इमारत उभी आहे. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली. मेजर चार्ल्स मॅंट नावाच्या इंग्रज वास्तुविशारदानं तिचा आराखडा केला, नंतर न्यू पॅलेसचाही त्यानंच केला, आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्याचाच. चित्रकलेच्या सरांनी टाऊन हॉलसमोर पोरांना नुसतं बसवून कमानी काढायला लावल्या तरी एक तास कुठं गेला कळणार नाही.

पण खरा खजिना आतल्या म्युझियममध्ये आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू तिथं ठेवल्यात, आणि त्यात एक ब्रॉंझची मूर्ती आहे, पोसायडनची. पोसायडन म्हणजे ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. मूर्ती वीतभरही उंच नाही, घाईत चाललेलं माणूस तिच्यासमोरनं सरळ निघून जातं. एक हात वर उचललेला आहे, त्या हातात त्रिशूळ असणार पण आता नाही, अंगाचे स्नायू इतके बारीक दाखवलेत की काचेला नाक लावून बघत राहावं. ही मूर्ती सातवाहनांच्या काळात, म्हणजे साधारण १८०० ते २००० वर्षांपूर्वी, रोमन साम्राज्यातनं जहाजानं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली, मग घाट चढून पंचगंगेच्या काठावर कुणाच्या तरी घरात पोचली. एकटी आली नाही बरं का, रोमन घडणीची ब्रॉंझची भांडी आहेत, आरसा आहे. म्हणजे त्या काळात कोल्हापुरात असा कुणी माणूस राहत होता की ज्याला परदेशी वस्तू परवडत होत्या, आवडत होत्या आणि मिळत होत्या. १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीवर रीतसर उत्खनन केलं, आणि १९४६ मध्येच हे म्युझियम सुरू झालं.

सहावीच्या इतिहासात सातवाहन आहेत. सर फळ्यावर लिहितात, सातवाहनांचा रोमशी व्यापार होता, पोरं तेच वहीत लिहून घेतात, पेपरला दोन मार्काला येतं, विषय संपला. आणि त्या व्यापाराचा पुरावा त्याच शाळेपासनं रिक्षाच्या अंतरावर काचेच्या कपाटात उभा आहे! आमच्या गल्लीतली पोरं घेऊन मी गेलो होतो, तर एकानं मूर्ती बघून विचारलं, 'हा देव पंचगंगेतनं वाहत आला काय?' हा प्रश्न वर्गात बसून पडला नसता. मग त्याला सांगितलं की नदी इकडनं तिकडं वाहते, समुद्र सह्याद्रीच्या पलीकडं आहे, मध्ये घाट आहे, मग सामान कसं आलं असेल सांग. तो म्हणाला बैलावरनं. दुसरा म्हणाला डोक्यावरनं. तिथंच जमिनीवर बसून पोरांनी रस्ता काढायला घेतला. भूगोल आणि इतिहास एकाच कागदावर आला की.

त्याच म्युझियममध्ये आबालाल रहमान, बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी यांची चित्रं आहेत. या गावाला कलापूर म्हणतात हे पोरांनी भाषणात पाठ केलेलं असतं, पण चित्र कधी समोर उभं राहून बघितलेलं नसतं. आबालाल म्हणजे शाहू महाराजांच्या पदरी असलेला चित्रकार, मुंबईत जे. जे. मध्ये शिकला आणि परत येऊन कोटीतीर्थ तळ्याच्या काठी राहिला, तिथला परिसर रंगवत राहिला. आज कोटीतीर्थाच्या बाजूनं क्लासला जाणाऱ्या पोरांना हे माहीत असायला नको का?

टाऊन हॉल झाला की पोरांना चालवत ब्रह्मपुरीला न्या, फार लांब नाही. तिथं आता घरं आहेत, देवळं आहेत, उत्खननाचे खड्डे वगैरे काही दिसणार नाहीत, पण उंचवट्यावर उभं राहून खाली पंचगंगा बघितली की गाव इथंच का वसलं असेल हे वेगळं सांगावं लागत नाही. नदीजवळ, पण नदीच्या वर. आपल्या पोरांना राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटाची इशारा पातळी आणि ४३ फुटाची धोका पातळी तोंडपाठ आहे, २०१९ चा आणि २०२१ चा महापूर त्यांनी घरात पाणी येताना बघितलाय किंवा नातेवाईकांचं सामान वर चढवताना बघितलाय. त्यांना विचारा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं घर कुठं बांधलं असतं? उत्तरं ऐका फक्त.

वेळ उरला तर परत येताना दसरा चौकात थांबा. शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालून फोटो काढला की आपण निघतो, पण आजूबाजूला मान वळवून बघितलं तर महाराजांनी काय केलं ते तिथंच दिसतंय. मुस्लिम बोर्डिंग तिथंच आहे. १९०१ ला मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला मिस क्लार्क वसतिगृह, अशी एकेका समाजाच्या पोरांसाठी या शहरात बोर्डिंगं उभी राहिली, खेड्यातनं भाकरी बांधून आलेल्या पोराला राहायला जागा नाही म्हणून त्याचं शिक्षण अडू नये म्हणून. १९०२ ला आरक्षणाचा जाहीरनामा निघाला, १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. जयंतीला २६ जूनला आपण रॅली काढतो, चांगलंच आहे, पण त्या दिवशी पाऊस असतो, गर्दी असते, पोरं छत्री सांभाळण्यात असतात. डिसेंबरातल्या साध्या मंगळवारी या चौकात एका वर्गाला नेऊन एका बोर्डिंगच्या दारात उभं करा, शक्य झालं तर तिथं आज राहणाऱ्या विद्यार्थ्याशी दोन शब्द बोलू द्या.

दुसऱ्या वर्षी खासबाग, आपलं कुस्तीचं मैदान. याच्याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण मी मंगळवार पेठेतला आहे. १९०२ ला शाहू महाराज विलायतेला गेले तेव्हा रोममध्ये त्यांनी कलोसियम बघितलं आणि तसं काहीतरी आपल्या पैलवानांसाठी असावं असं त्यांच्या मनात बसलं, १९१२ ला खासबाग मैदान तयार झालं. लोकांना वाटतं मोकळं ग्राउंड आहे, त्यात काय बघायचं. आत जाऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसा मग कळेल. पायऱ्या अशा चढवत नेल्यात की शेवटच्या माणसालाही हौद्यातली, म्हणजे मधल्या आखाड्यातली, पकड दिसते, कुणाच्या डोक्यानं कुणाचं अडत नाही. पोरांना वर, मध्ये, खाली असं बसवा आणि मधोमध दोघांना उभं करून बघायला सांगा. गणिताच्या मॅडमना कोन शिकवायला याच्यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आणि मग एखाद्या तालमीत विचारून पोरांना आत न्या, गंगावेस आहे, मोतीबाग आहे, शाहूपुरी आहे. आखाड्यातली तांबडी माती हातात घेऊ द्या. ती नुसती माती नसते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळलेली असते, फावड्यानं वरखाली करून मऊ ठेवलेली असते, म्हणून अंगाला खरचटलं तरी चिघळत नाही असं वस्ताद सांगतात. तिचा एक आंबूस थंड वास असतो. पोरगं एकदा त्या मातीवर अनवाणी उभं राहिलं की कुस्ती म्हणजे काय हे त्याला टीव्हीवरनं वेगळं समजवायची गरज पडत नाही. मुलींनाही न्या, आता मुली कुस्ती खेळतात, आपल्या जिल्ह्यातल्या खेळतात.

खासबागला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. १९१५ चं, पहिलं नाव पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारी म्हातारी माणसं या गावानं बघितली. पोरांना ती वास्तू दाखवा, तिची गोष्ट सांगा, शंभर वर्षांची वास्तू एका रात्रीत जाऊ शकते हे त्यांनाही कळू दे, म्हणजे पुढं जी उभी राहील ती सांभाळायची कुणी हा प्रश्न त्यांना आपला वाटेल.

विज्ञानाच्या सरांसाठी अंबाबाईचं देऊळ. दर्शनाला सगळीच पोरं घरच्यांबरोबर जातात, मला दर्शनाबद्दल बोलायचं नाही. किरणोत्सव नोव्हेंबरात ९, १०, ११ च्या आसपास होतो आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या आसपास. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायावर, मग छातीवर, मग मुखावर येतात. पण वर्षातनं दोनदाच का, आणि याच तारखा का? २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात जास्त दक्षिणेला मावळतो. तिथपर्यंत मावळतीची जागा रोज थोडी थोडी सरकत जाते आणि तिथनं परत फिरते, म्हणजे आकाशातल्या त्याच जागी सूर्य दोन वेळा मावळणार, एकदा जाताना एकदा येताना. मोजून बघा, नोव्हेंबरातल्या तारखा डिसेंबरच्या त्या दिवसाच्या जेवढ्या आधी, जवळजवळ तेवढ्याच नंतर जानेवारी-फेब्रुवारीतल्या. हे ज्यांनी देऊळ बांधताना धरलं त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं, ॲप नव्हतं. किरणोत्सवाच्या दिवशी गर्दीत पोरं न्यायची गरजच नाही, शाळेच्या गच्चीवरनं दर शुक्रवारी मावळतीची जागा समोरच्या बिल्डिंगच्या खुणेनं वहीत मांडायला लावा, आणि मग एकदा देवळात नेऊन महाद्वार ते गाभारा ही सरळ रेघ दाखवा. रस्त्यातली वाढीव बांधकामं किरणांना अडथळा करतात हा विषय दरवर्षी पेपरात येतो, तोही त्यांना मग समजेल.

न्यू पॅलेस परत एकदा बघा, पण यावेळी फक्त न्यू पॅलेस. १८७७ ते १८८४ अशी सात वर्षं त्याचं बांधकाम चाललं. आत जायच्या आधी पोरांना बाहेरच थांबवा, दगडाला हात लावू द्या, हाच बेसॉल्ट आपल्या घाटात आणि खाणीत दिसतो तो घडवल्यावर असा दिसतो हे सांगा, मधला घड्याळाचा मनोरा काढू द्या. दरबार हॉलमधल्या काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेत, चौथीच्या पुस्तकात वाचलेले प्रसंग पोरं स्वतः ओळखतात, फक्त त्यांना ओळखायला वेळ द्या. आणि त्या भुसा भरलेल्या जनावरांपुढनं पोरांना पळवत नेऊ नका, त्यांना सगळ्यात जास्त तिथंच थांबायचं असतं. कोल्हापूर संस्थानात पाळलेल्या चित्त्यांकडनं काळवीटाची शिकार करायची पद्धत होती, चित्ते सांभाळणारी माणसं होती, आणि भारतातला चित्ता संपला असं १९५२ ला जाहीर झालं. त्या जनावरांच्या डोळ्यांसमोर उभं राहून एखादा आठवीचा पोरगा विचारेल की मग शिकार बरोबर होती का चूक, तर त्याला गप्प बसवू नका, वर्गात आल्यावर त्याच्यावर अख्खा तास घ्या.

बाकी पण बरंच आहे, थोडक्यात सांगतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्या खालनं रोज स्कूलबस जाते. बाबूराव पेंटरांनी या गावात स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तिथनंच व्ही. शांताराम आणि मंडळी पुढं आली आणि १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुद्धा आधी कोल्हापुरातच सुरू झाली, पुण्याला नंतर गेली. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंनी आपलं राहतं घर चित्रांसकट देऊन टाकलं, ते नट म्हणून सगळ्यांना माहीत, पण पावडर शेडिंगची त्यांची निसर्गचित्रं बघितली तर पोरं रंगपेटी बाजूला ठेवून बोटांनी चित्र काढायला बसतील. विद्यापीठात वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे, हे तर शिक्षकांनी आधी स्वतः बघावं अशी जागा, कारण १९७४ चं ज्ञानपीठ मिळवणारा हा लेखक आधी शिरोड्याच्या शाळेत मास्तर होता, शेवटी दृष्टी गेल्यावरही सांगून लिहवून घेत राहिला. रंकाळा कुणाला सांगायला नको, फक्त भेळ खायच्या आधी अर्धा तास पाणी बघा, जलपर्णी कुठनं वाढते, सांडपाणी कुठनं येतं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर संध्यामठ किती वर येतो.

आता तुमच्या अडचणी. सर, मला त्या माहीत आहेत, माझी बायको शिक्षिका आहे. एवढी पोरं रस्त्यावरनं न्यायची म्हणजे जबाबदारी, परवानगीची कागदं, पालकांचे फोन, पाणी आणि विशेषतः मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय. म्हणून म्हणतो एका वेळी एकच वर्ग न्या, अख्खी शाळा नको. प्रत्येक दहा पोरांमागं एक पालक मागा, येतील, दूरच्या सहलीला सुट्टी मिळत नाही पण अर्ध्या दिवसाला मिळते. टाऊन हॉल सोमवारी बंद असतो, तेवढं बघून तारीख ठरवा, आधी तिथल्या ऑफिसला फोन करून किती पोरं येणार ते कळवा म्हणजे त्याच वेळी दुसरी शाळा येऊन गर्दी होणार नाही. समजावून सांगायला माणूस कोण, हा प्रश्न असेल तर विद्यापीठाच्या इतिहास विभागाला विचारा, दळवीज आर्ट, कलानिकेतन या चित्रकला शिकवणाऱ्या संस्थांना विचारा, तिथली पोरं आपल्या पोरांच्या शेजारी बसून स्केच करतील, त्यात त्यांचाही सराव होतो. महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना तर दूरच्या सहलीची फी परवडतच नाही, वर्गातली निम्मी पोरं त्या दिवशी घरी बसतात. गावातल्या सहलीला केएमटीचं तिकीट आणि म्युझियमचं किरकोळ तिकीट सोडलं तर खर्च नाही, म्हणजे वर्गातलं एकही पोर मागं राहायचं कारण नाही. मला विचाराल तर बाकी सगळी कारणं सोडा, या एकाच कारणासाठी ही सहल व्हायला पाहिजे.

सहलीनंतर निबंध मात्र लिहून घेऊ नका ही हात जोडून विनंती. 'आम्ही पाहिलेले संग्रहालय' असा निबंध गाईडमधनं उतरवला जातो हे तुम्हाला पण माहीत आहे. त्यापेक्षा प्रत्येक पोरानं एकच वस्तू निवडावी, तिच्यापुढं पंधरा मिनिटं बसून ती काढावी आणि खाली एक प्रश्न लिहावा ज्याचं उत्तर त्याला मिळालं नाही. ते कागद वर्गाच्या भिंतीवर लावा.

पुढच्या पालकसभेत हा विषय घ्यावा, आणि दुसऱ्या सत्रात किमान एका वर्गाची टाऊन हॉलची सहल ठरवावी, तारीख नोटीस बोर्डावर लावावी. ज्या शाळा ठरवतील त्यांच्याबरोबर पोरं सांभाळायला, रस्ता ओलांडून द्यायला, पाण्याचे जार पोचवायला आमच्या गल्लीतली माणसं येतील, तसं मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. तुमच्या शाळेच्या ऑफिसमध्ये येऊन समक्ष भेटायचीही माझी तयारी आहे, दुपारच्या सुट्टीत येऊ का शाळा सुटल्यावर तेवढं सांगा.

आपला नम्र,
एक पालक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर